बिनफोडणीचं वरण

लीड्सला नोकरी होती, पण घरभाडं परवडेना म्हणून मी दरीतल्या एका जुन्या गिरणगावात राहत होते. एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग आणि मागे चढत गेलेलं मूर, म्हणजे वरचं उघडं माळरान. त्या वर्षी वसंतात यॉर्कशरमध्ये पाऊस पडायचाच विसरला. हेदरची झुडपं वाळून कडकडीत झाली आणि एका रविवारी, कुणाच्या तरी बार्बेक्यूमुळे म्हणे, माळ पेटला.

ज्वाळा दोन दिवसांत दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या माळावर खोलवर पीट आहे, झाडपाला कुजून झालेली काळी माती. पूर्वी लोक तीच वाळवून चुलीत जाळत. आग तिच्यात उतरली आणि आतल्या आत धुमसत राहिली. हेलिकॉप्टर बादली टांगून पाणी ओतून जायचं. फायर ब्रिगेडची माणसं आणि आसपासचे शेतकरी लांब दांड्यांच्या रबरी झापांनी जमीन बडवत राहायचे. संध्याकाळी काळ्याठिक्कर तोंडांनी खाली यायचे, मगभर चहा प्यायचे, हवामानावर एखादा फुसका विनोद करायचे आणि सकाळी पुन्हा वर. आपल्याकडे एवढ्यात दोन-तीन सत्कार उरकले असते. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटायचं.

धूर मात्र दरीत उतरून बसला. शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहत. उमेदीची वर्षं लोकरीच्या गिरणीत गेलेली, त्यात छाती कामातून गेलेली. त्यांच्या जुन्या खिडक्यांतून धूर बिनदिक्कत आत यायचा. घरी तपासायला येणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सने सांगितलं, धूर जाईपर्यंत केअर होममध्ये चला, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आजी आमच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, त्यांची बहीणही थोड्याच दिवसांसाठी गेली होती. ती घरी आलीच नाही. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

माझी आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी अर्धंच कळलं, चेहरा मात्र पूर्ण कळला. "त्यांना सांग, माझ्या खोलीत या," ती म्हणाली. "मी सोफ्यावर झोपेन." आईची खोली पुढच्या बाजूची, माळाकडे पाठ असलेली, डबल ग्लेझिंगच्या म्हणजे दुहेरी काचांच्या खिडक्यांची. नर्स नाखुशीनेच तयार झाली. त्रास वाढला तर त्याच दिवशी नेणार, असं तिने बजावलं.

नागपूरच्या बाईला बंद घरात राहायला शिकवावं लागत नाही. मे महिना असल्यासारखी आई सकाळीच खिडक्या लावून, पडदे ओढून मोकळी. दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. त्यांचा किती उपयोग झाला देव जाणे, पण आजींचा खोकला उतरला आणि दोघी टीव्हीवर स्नूकर बघायला लागल्या. आजी तिला "लव्ह" म्हणायच्या. हे काय नवीन, असं आईने मला हळूच विचारलं. इकडे बस कंडक्टरही म्हणतो, असं सांगितल्यावर ती जराशी हिरमुसली.

आणि तिसऱ्या दिवशी आमच्या मातोश्रींनी कडकडीत बंद घरात वरणाला फोडणी दिली. मोहरी, हिंग आणि चार सुक्या मिरच्या. स्मोक अलार्म किंचाळायला लागला, मी ठसकत जिन्यातच बसले आणि आजींचा श्वास अडकला. ओठ निळसर झाले. दार उघडावं तर बाहेर पीट, मिटावं तर आत मिरची. मी त्यांना इनहेलर देत राहिले, आई पाठीवरून हात फिरवत राहिली. नर्स येईपर्यंत श्वास कसाबसा ताळ्यावर आला होता. तिने आजींची बॅग भरून दाराशी ठेवली आणि म्हणाली, पुन्हा असं झालं तर मी कुणालाच विचारणार नाही.

त्यानंतर आईने फोडणीचं कढलं पोटमाळ्यावर टाकलं. बिनफोडणीचं जेवण म्हणजे आजारपण असं मानणारी ही बाई; तिने धूर असेपर्यंत तेल तापवलं नाही. लग्नापासून न चुकलेली उदबत्तीही बंद केली. देवांना म्हणाली, समजून घ्या. साधं वरण, भात, उकडलेले बटाटे, दही. मी कुरकुर केली तर म्हणाली, मग ऑफिसात जेव. आजी त्या वरणात लोण्याचा गोळा घालून सूप म्हणून प्यायच्या. आई समोर बसून तेच फिकं वरण चवीने खाल्ल्यासारखं करायची. मला तिचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मग वारा फिरला आणि संथ, चिवट पाऊस लागला. माळावरची माणसं पाइप गुंडाळून खाली आली. नर्सने आजींच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिलं, त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालवून पाहिलं आणि म्हणाली, घरी जायला हरकत नाही.

आईने डबा भरून ठेवलाच होता. आत जाऊन त्यांचं अंथरूण घालायचं, धूळ पुसायची, असा तिचा बेत होता. आजी भिंत धरत निघाल्या. मध्ये एकदा थांबल्या, तेव्हा आईने हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. स्वतः किल्ली लावली. डबा घेतला, आईच्या गालावर थोपटलं, म्हणाल्या, "इथून पुढचं माझं मी बघेन, लव्ह." आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पाहुण्याने दुसरी पोळी नको म्हटली तरी आईला राग येतो, त्यामुळे मी धास्तावले. ती पावसात तशीच उभी होती. मग वळली, तर डोळे भरलेले आणि चेहरा हसरा.

"तोंडावर दार लावलं बघ त्यांनी माझ्या," ती म्हणाली. "चांगलं जोरात लावलं."