खांबेटेकाकांचा चौक

मोरेश्वर खांबेटे यांनी आयुष्यभर रस्ते रुंद केले. नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलच्या आसपास, जिथे एके काळी तंबाखूची शेतं वाऱ्यावर डुलत होती, तिथे त्यांच्या नकाशांवरून नदीच्या पात्रासारखे रस्ते पसरले. मोटारींचा पूर आला तरी पुरावेत असे रस्ते. फूटपाथ मात्र त्यांनी कधी काढला नाही. इथे चालणार कोण, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

मग काका निवृत्त झाले, डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं. त्या दिवसापासून काकांचं दावणीच्या बैलासारखं झालं. घरापुढे त्यांनीच आखलेला सहापदरी रस्ता आणि सारं जग त्याच्या पलीकडे. बायको, म्हणजे वसुधाकाकू, गाडी झोकात चालवायच्या. पण त्यांना योगा होता, भजनी मंडळ होतं.

"मला जरा लायब्ररीत सोडतेस?"

"मंगळवारी."

"अगं, आज बुधवार आहे."

"मग घाई करू नका. सावकाश आवरा."

काका खिडकीत उभं राहून उसासा टाकायचे, तेव्हा काकू आतून म्हणायच्या, "छान केलाय हो रस्ता. बघत बसा आता."

वस्तीच्या मागच्या झाडीतून एक पायवाट जात असे, ती एका बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये निघत असे. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झालेली. डांबराला उन्हाळी रानासारख्या भेगा पडलेल्या, भेगांतून गवत माना वर काढून बघणारं. तिथे फक्त कावळे उतरत आणि नवशिकी पोरं गाडी मागे घ्यायला शिकत.

यंदा टाउनने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मनावर घेतलं. डांबरावर रंग दिला, लाकडी पेट्यांत झाडं लावली, खुर्च्या मांडल्या, छत्र्या उघडल्या, कडेला कॉफीची गाडी उभी केली. लोक रमले तर पुढे दुकानाच्या जागी लायब्ररी, वर राहती घरं, मध्ये कायमचा चौक. नाही रमले, तर जागा गोदामांच्या कंपनीला. घरात न मावणारं सामान भाड्याने ठेवायची ती पत्र्याची गोदामं.

काका पहिल्या सकाळी चालत गेले आणि परत आले ते तोंडावर ऊन घेऊन. मग रोज जाऊ लागले. कॉफीवाला नावाने हाक मारू लागला. स्वतःच्या पायांनी जाऊन, स्वतःला हवं तेव्हा परत यायचं, हे सुख त्यांना म्हातारपणी नव्याने लाभलं.

पण काका बसत. बाकीचे येत आणि जात. आपली मराठी मंडळी तर मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत झपाझप फेऱ्या मारून गाडीत बसत. टाउनच्या ऑफिसातली अनिका हे सगळं बघत होती. नागपूरच्या आईबापांची इथे जन्मलेली पोरगी. मराठी पुरतं कळे, उत्तर इंग्रजीत.

"इट्स नॉट लुकिंग गुड, काका," ती एक दिवस म्हणाली. "नोबडी इज स्टेइंग." शनिवारी टाउन कौन्सिलच्या एक सभासद बाई बघायला येणार होत्या. चौक असाच ओस दिसला, तर गोदामं नक्की.

काका तडक उठले. घरी येऊन त्यांनी महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष सुमंत यांना फोन लावला. "शनिवारी सगळ्यांना घेऊन चौकात या. काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचं?" सुमंतांचा आवाज चिंतेत पडला. "मग प्रमुख पाहुणे कोण?"

"पाहुणे नाहीत. गप्पा मारायच्या."

"विषय काय?"

काकांनी कपाळावर हात मारला. पण तो फोनवरून दिसत नाही. शनिवारी ते पोचले तेव्हा खुर्च्या ओळीने लावल्या होत्या, माइक होता, समई होती, वाऱ्याने ती विझू नये म्हणून दोघे जण छत्री धरून होते. कौन्सिलच्या बाईंना दिसताक्षणी पहिल्या रांगेत बसवून शाल घातली. ऊन रणरणतं. सुमंतांनी प्रास्ताविक केलं, मग पाहुण्यांची ओळख, मग 'शहरांचं पुनरुज्जीवन: काल, आज आणि उद्या'. ते 'काल'मध्येच बराच वेळ अडकले. मागच्या रांगेत माना मोबाइलकडे झुकल्या. बाई शालीत घामाघूम.

आभार झाले आणि साऱ्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. पाखरं उडून गेलेल्या झाडासारखा चौक ओका दिसू लागला. बाईंनी शाल घडी करून अनिकाच्या हातात दिली आणि गाडीकडे निघाल्या. काका एका खुर्चीवर बसले. पत्र्याची गोदामं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती, काचबिंदू असूनही.

तेवढ्यात हॉर्न वाजला. बाईंची गाडी अडली होती. पार्किंगच्या तोंडाशी मंडळी निरोप घेत होती.

"बरं, निघतो मग," कुणी म्हणालं, आणि गाडीचं दार उघडून त्यालाच टेकून उभं राहिलं. "अगं, तो लसणाचा मसाला?" "डबा गाडीतच आहे, थांब." "गुडघ्याचं काय केलंत?" "मुलगी बघताय का ऋषीसाठी?" किल्ल्या हातात, दारं सताड, पाय हलत नाहीत. पोरांनी मध्येच फ्रिसबी काढली. कॉफीवाल्याकडे रांग लागली. त्याचं दूध संपलं. सावल्या लांबल्या, तरी सगळे निघतच होते.

बाई शेवटी गाडीतून उतरल्या. वसुधाकाकूंनी त्यांच्या हातात चकली ठेवली आणि "युवर नी इज ओके?" असं विचारलं. झालं. बाईंचाही गुडघा दुखत होता. त्यांनी पँट थोडी वर करून जागा दाखवली.

चकली संपवून त्यांनी अनिकाला विचारलं, "आता हा कार्यक्रम कसला?"

"नो, नो," अनिका म्हणाली. "दे आर लीव्हिंग."

महिन्याभरात कौन्सिलने चौक मंजूर केला. अनिकाने हुशारी केली. लोक रेंगाळतात ती पार्किंगच्या तोंडाची जागा गाड्यांना बंद करून तिथे बाकं आणि मेपलची रोपं लावली. पुढच्या शनिवारी मंडळी बाकांना वळसा घालून पलीकडच्या गाड्यांपाशी गेली आणि दारांना टेकून निघू लागली. अनिका कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "आता बाकं कुठे लावू, काका?" तिने पहिल्यांदाच सबंध वाक्य मराठीत टाकलं.

"लाव गं कुठेही," काका म्हणाले. ते एका नव्या बाकावर पाय पसरून, कॉफीचा कप पोटावर ठेवून बसले होते.

वसुधाकाकूंनी गाडी कडेला आणून काच खाली केली. "चला, बसा. ऊन आहे."

"तू हो पुढे," काका म्हणाले. "मी येईन माझा माझा."