दुसरा पहारेकरी

माझ्या धाकट्या जावेचं काम नेमकं काय, हे मला समजायला चार वर्षं लागली. पत्रा दाबायची यंत्रं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ती आहे. यंत्राचं डोकं म्हणजे एक चिप, एफपीजीए म्हणतात तिला. ती कोरीच येते. यंत्रानं कसं वागायचं ते हिनं लिहायचं आणि चिपच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते चिपमध्ये बसवून देतं.

"वहिनी, बॅग भरून देणारा माणूस समजा," ती म्हणाली होती. "आपण सामान द्यायचं. कुठे काय कोंबायचं ते तो बघतो."

यंत्राच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो. त्यात कामगाराचा हात आला, की यंत्र थांबलंच पाहिजे. या पडद्यावर नजर ठेवायला तिनं चिपमध्ये दोन पहारेकरी ठेवले होते, अगदी एकसारखे. एक बिघडला तर दोघांचं जुळत नाही आणि यंत्र जागीच थांबतं.

या वर्षी मालकांनी स्वस्तातली, लहान चिप आणली. तिच्यात सगळं मावेना. सॉफ्टवेअर रोज सांगायचं, एकशेचार टक्के. जाऊ जेवताना ताटात बघत बसायची. तीन आठवड्यांनी एका सकाळी आकडा सत्त्याण्णववर आला. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि आठवड्यात बारा यंत्रं रवाना झाली.

नंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी, ती घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"वहिनी, त्यानं एक काढून टाकलाय."

"कोणी? काय?"

"सॉफ्टवेअरनं. दोन्ही पहारेकरी सारखेच दिसले, मग एक फुकटचा म्हणून उडवला. म्हणून तर मावलं सगळं!"

ती खालीच बसली. जुन्या चिपच्या वेळी 'हे दोन्ही राहू दे' अशी खूण तिनं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये करून ठेवली होती. नव्या चिपसाठी तीन आठवडे जुनीच फाइल चालवून बघितली, मावेना म्हणून शेवटी नवी उघडली, तेव्हा ती खूण करायची राहून गेली. सॉफ्टवेअरनं तसं कळवलंही होतं, अठराशे सूचनांमधल्या एका ओळीत. त्या सूचना कोणी वाचत नाही. ही आत्ता निवांत वाचायला बसली, ओळीवर बोट ठेवून, मी स्तोत्र वाचते तशी.

"मग खूण कर आणि पुन्हा भर."

"केली. एकशेचार."

मालक तिला म्हणाले होते, "एक आहे ना अजून? तो काय झोपा काढतो? उलट सॉफ्टवेअरनं आपला एक पगार वाचवला म्हणायचं." आणि हसले होते. मग हसू आवरून म्हणाले, "बाहेर एक अक्षर काढायचं नाही."

ती देवासमोर बसली नाही. तिचा तो स्वभाव नाही. मी बसले. काय मागावं तेच सुचेना. ज्या कामगारांची तोंडंही बघितली नाहीत, त्यांचे हात मागितले.

उठले तेव्हा ती फोनवर होती. मालकांना न विचारता तिनं एकेका कारखान्याला फोन लावला. "चूक माझी आहे, मोठी चिप बसवेपर्यंत यंत्र बंद ठेवा." कोणी शिव्या दिल्या, कोणी ऐकलं. संध्याकाळपर्यंत अकरा बंद झाली. बारावा फोन उचलीना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. यंत्र चालू होतं. माझ्याच वयाची एक बाई पत्रा आत सरकवत होती, हात बाहेर घेत होती, पुन्हा सरकवत होती.

"बंद करा हो," जाऊ म्हणाली. "यात चूक आहे. माझ्या हातून झाली आहे."

मुकादमानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या मालकांचा सकाळीच फोन आला होता. एक बाई येईल, तिला कामावरून काढलंय, डोकं ठिकाणावर नाही म्हणाले."

तिला कामावरून काढल्याचं आम्हाला तिथे कळलं.

"अहो, निदान या ताईंना तरी सांगू द्या."

यंत्रावरची बाई मान वर न करता म्हणाली, "बाई, पडदा चालतोय. रोज सकाळी लाकडी पट्टी घालून बघते मी. जा तुम्ही, माझा हिशेब चुकतो."

"आज चालेल हो. ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी कळणार नाही."

मुकादमानं आम्हाला दंडाला धरूनच बाहेर काढलं. फाटक लागलं. समोरच्या पायरीवर ती बसली. मी म्हटलं, "चल, तक्रार कुठे करायची ते बघू."

"तुम्ही व्हा पुढे वहिनी. मी इथेच आहे."

मी काही गेले नाही. आतून यंत्राचा ठोका ऐकू येत होता. एक, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच ठोका थांबला की ती ताडकन उभी राहून फाटकाच्या फटीला डोळा लावायची. पुन्हा सुरू झाला, की खाली बसायची.

दुपारपर्यंत ती कितीदा उठली, मी मोजलं नाही.