गुरुसामी मास्तरचं नाक

चार रंगांच्या मशीनवर कुठली शाई नीट वाळत नाहीये, हे गुरुसामी मास्तर एकेकाळी दारातूनच सांगायचा. वॉर्निशमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं तर डब्याचं झाकण पुरतं उघडायच्या आत ओळखायचा. शिवकाशीत मशीनमास्तर पैशाला पासरी, पण नाकाची अशी ख्याती त्याची एकट्याची. दुसऱ्या छापखान्यांचे मुदलाळी, म्हणजे मालक, अडलं की त्याच्यासाठी गाडी पाठवायचे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी सुंठेची कॉफी त्याला नुसत्या गरम पाण्यासारखी लागली. सर्दी असेल म्हणून त्यानं आठ दिवस वाट पाहिली, मग महिनाभर. नाक गेलं ते गेलंच. एकतीस वर्षं थिनर हुंगल्यावर दुसरं काय होणार? त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरी बायको पेच्चियम्माळनं सांबार वाढलं की तो न चुकता म्हणे, "हिंगाचा काय घमघमाट सुटलाय!" ती खूश, आणि ह्याची झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा आडी, म्हणजे तिकडचा आषाढ, उलटला आणि कॅलेंडरांचा हंगाम लागला. हंगामात खिडक्या बंद, कारण वारा आला की कागद वळतो आणि ओल्या देवांवर धूळ बसते. रंग बदलताना रोलर थिनरच्या फडक्यानं पुसायचे, तो वास तिथंच कोंडून राहायचा. एका दुपारी करुप्पसामी मशीनवाला पुसता पुसता आडवा झाला. तेव्हा कुठे मुदलाळी मारीश्वरन हलले. मागच्या भिंतीत मोठा पंखा बसला, पंख्याला पत्र्याचा पाइप लागला. सगळे गोळा झाले. मुदलाळी म्हणाले, "अण्णाच्ची, तुमचं नाक म्हणेल ते खरं. गेला का वास?"

गुरुसामीनं डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. नाकाला काहीच कळलं नाही.

"गेला. एकदम साफ."

कागद मोजणारी राक्कम्मा पुटपुटली, "मला तर येतोय बाई."

"तुझं नाक काय मास्तरपेक्षा मोठं?" करुप्पसामी म्हणाला, आणि सगळे हसले. पंखेवाला शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

पाइपचं तोंड मागच्या बोळात उघडत होतं, तेही जेमतेम माणसाच्या उंचीवर. समोर सहा पावलांवर गुरुसामीचा ओटा. तिथं पेच्ची दुपारभर मोगऱ्याचे गजरे ओवायची, मारियम्मनच्या देवळापुढच्या फुलवालीसाठी. चौथ्या दिवशी टोपली परत आली.

"माझ्या फुलांना प्रेसचा वास मारतो म्हणे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं नाक मुरडतात. अहो, पाइप गच्चीच्या वर न्यायला सांगा की मुदलाळींना."

"छे! वास कुठाय? अख्खी प्रेस म्हणतेय साफ."

"इथं माझे डोळे चुरचुरतात त्याचं काय?"

"फुलवालीला भाव पाडायचा असेल. तू लगेच विश्वास ठेव!"

हे बोलणं त्याला शोभलं नाही. 

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तशी ती समोर येऊन उभी राहिली. "डोळे मिटा." तिनं त्याच्या नाकाशी गजरा धरला. "आता खरं सांगा. थिनर की मोगरा?"

त्यानं लांब श्वास ओढला. "मोगरा गं. निव्वळ मोगरा. देवळात बसल्यासारखं वाटतंय."

त्यानं डोळे उघडले. तिच्या हातात अबोलीचा गजरा होता.

"गेल्या महिन्यात घरातलं हिंग संपलं होतं," पेच्ची हळूच म्हणाली. "तरी तुम्ही घमघमाट म्हणालात. मला वाटलं, थट्टा करताय. कधीपासून हे?"

"तीन वर्षं झाली."

"आणि माझ्या सांबाराचं रोजचं कौतुक?"



दुसऱ्या दिवशी तो नाक मुठीत धरून मुदलाळींपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "अण्णाच्ची, माझ्यापाशी बोललात, बास. बाहेर कळलं तर तुमच्या शब्दावर कोण छपाई पास करेल? आणि पाइपही तुम्हीच पास केलात ना? ऐन हंगामात पंखा बंद ठेवून पाइप वर कसा नेऊ? पोंगल होऊ दे, बघू." रागवावं असं एक अक्षर ते बोलले नाहीत. रागवायलाही जागा उरली नाही.

बाहेर करुप्पसामी माठापाशी तोंडावर पाणी मारत होता. "मास्तर, काल परत गरगरलं. पण तुम्ही साफ म्हणालात ना, म्हटलं आपल्याच डोक्यात बिघाड असणार. कुलदेवाला कोंबडं बोललोय."

गुरुसामीचे ओठ हलले. मागे दारात मुदलाळी उभे होते.

"बाहेर जाऊन जरा हवा खा," एवढंच तो म्हणाला. भित्रा म्हणा हवं तर. एकाच हुन्नरावर पन्नाशी गाठलेल्या माणसानं तो गेल्याचं चारचौघांत सांगायचं, हे तिऱ्हाइताला फार सोपं वाटतं. पण करुप्पसामीचा तो पांढराफटक चेहरा त्याला दिवसभर सोडेना.

पेच्ची आता नुसती अबोली ओवते. अबोलीला स्वतःचा वास नाही, दुसऱ्याचाही फारसा धरत नाही. मिळकत निम्म्यावर आली. उजेड ओट्यावरच येतो, म्हणून ती तिथंच बसते, तोंडाला पदर गुंडाळून.

मधल्या सुट्टीत गुरुसामी ओट्याशी गेला. "आज जास्त येतोय का गं?"

"जास्त," ती पदराआडून म्हणाली आणि खोकली.

पंखा बंद करायचा तर आत तीसजण. चालू ठेवायचा तर ही.  तो पाइप आणि पेच्चीच्या मधे, पाइपकडे पाठ करून बसला. पाठीनं वास अडत नाही, हे त्यालाही कळत होतं.

"सरका," पेच्ची म्हणाली. "उजेड अडतोय."