सदतीस नंबरचं रक्त

वाडीवर तपासणीसाठी रक्त द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा आशालताने आधी स्वतःचा हात पुढे केला. "बघा, मेले का मी?" वाडी हसली. मग ठकीने वर्षभराच्या नातवाला, कान्हाला, मांडीवर घेतलं आणि त्याचा इवलासा हात धरला. नळीवर सदतीस नंबरची चिठ्ठी आशालतानेच चिकटवली. "कोणाला आजार निघाला तर डॉक्टर लगेच सांगतील," असं तिने छातीठोकपणे सांगितलं. संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर विश्वजीतांनीच तिला तसं बोलायला शिकवलं होतं.

कामोठ्याची ही बाई सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनासाठी पनवेलच्या डोंगराकडच्या वाड्या तुडवायची. नवरा चिडवायचा, "मेडल देणारेत का तुला?" लोकांच्या उपयोगी पडतं ना, बास, असं तिचं उत्तर.

आणि तीन वर्षांनी कान्हाचे हातपाय असे दुखायला लागले की पोर किंचाळून किंचाळून निपचित पडायचं. ठकी दृष्ट काढत बसली. आशालताला मात्र ती चिठ्ठी लावलेली नळी आठवली. तिने संशोधनाची सगळी माहिती ठेवणाऱ्या रजिस्ट्रीकडे सदतीस नंबरचा निकाल मागितला. अर्ज करा. केला. संस्था कुठली तुमची? नैतिकता समितीचं परवानगीपत्र कुठाय? अहो, ती माहिती मीच गोळा केलीये! कोण ऐकतंय? दोन महिने गेले. तेवढ्यात एका बड्या विद्यापीठाला तीच सगळी माहिती पंधरा दिवसांत मिळाल्याचं तिला कळलं.

ती तडक डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं.

"आजार आहे. तेव्हाच निघाला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"एकेकाला निकाल द्यायचे नाहीत, असं संमतीपत्रातच आहे, मॅडम. साक्षीदार म्हणून तुमचीच सही आहे."

इंग्रजी कागद होता तो. तिने वाचलाच नव्हता, डॉक्टरांच्या शब्दावर सही ठोकली होती. मेल्याने तिचं तोंड वापरलं, चक्क वापरलं! रिक्षात बसून ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन तिने सगळं सांगितलं, सहीसकट. "ठकीमावशी, आजच सरकारी दवाखान्यात नेऊ त्याला. पुन्हा रक्त तपासतील, औषध सुरू होईल. हवं तर आधी माझं काढू दे." सवयीने तिचा हात पुढे झालाही.

ठकीने कान्हाला पदराखाली ओढलं. "आता रगत नाय. तो हात खाली कर, बाय. त्याच हाताकडं बघून आमी पोर तुज्या सुईपुढं धरला व्हता."