पावडर तासभर हळू ढवळायची असते

रायपूरला मी फिरायला म्हणून गेलेच नव्हते. ताईचा फोन आला, "यांले मशीनवरून हटवून राहिले. कागद यांच्याच हातानं तुटते म्हणे. तू कागदातली, तूच येऊन पाह्य." तिथल्या कागद गिरणीत बावीस वर्षं एकच मशीन चालवणाऱ्या भाऊजींचा हात असा अचानक बिघडतो? माझं डोकंच फिरलं. मी नागपूरकडच्या एका कागद गिरणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेय. दुसऱ्याच सकाळी गाडीत बसले.

प्रवास साधारण पाच तासांचा. खिडकी मिळाली तर डोंगरगडची टेकडी चुकवू नका. स्टेशनवरून तात्यापाऱ्याला, ताईच्या घरी, ई-रिक्षा, घासाघीस केलीत तर पन्नास रुपये. ताईनं तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे आणि टमाट्याची चटणी केली होती. मी चार जास्तच खाल्ले. भाऊजींनी मात्र दोनच खाऊन ताट सारलं.

गिरणी भनपुरीच्या पुढे. त्या रस्त्यानं जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधा, ट्रकांची धूळ घशात जाते. नव्या मॅनेजरांनी चहा पाजला, भाऊजींबरोबर आत जाऊ दिलं.

रद्दीचा लगदा जाळीवर पडतो, पाणी खाली गळतं. लगद्यात एक पावडर पाण्यात विरघळवून सोडतात. तिच्यामुळे बारीक तंतू आणि खडूची भुकटी पाण्याबरोबर वाहून जात नाही, शिवाय पाणी लवकर निथळतं. ही पावडर थोडी थोडी टाकून तासभर हळू ढवळायची. इथे काय चाललं होतं? अख्खं पोतं उपडं, वर भरधाव घुसळणारं यंत्र, दहा मिनिटांत काम उरकलं! पावडरीचे लांब धागे त्यात तुटतात. मग ती धरून काय ठेवणार, कपाळ? पाणी निथळत नाही, कागद ओलाच राहतो आणि मशीनवर तुटतो.

"हे कधीपासून?" मी भाऊजींना विचारलं.

"दिवाळीपासून. मी या साहेबांले बोललो, तं म्हणे तुम्ही आपली मशीन पहा."

मी तिथेच तासभर हळू ढवळून वेगळं द्रावण केलं. एका भांड्यातल्या लगद्यात ते घातलं, दुसऱ्यात त्यांच्या टाकीतलं, आणि मॅनेजरांसमोर दोन्ही लगदे चाळणीतून ओतले. माझ्या चाळणीखाली नितळ पाणी झरझर उतरलं. त्यांचं दुधट, थेंब थेंब गळत बसलं.

"ठीक है, कल से धीरे घुमाएंगे," ते म्हणाले.

"और भाऊजी?"

"मैडम, उनका लेटर तो ऊपर जा चुका है."

भाऊजींना रद्दीच्या गोदामात बसवलं. चूक कोणाची, शिक्षा कोणाला!

घरी येऊन आठवडा झाला. फऱ्यांची चव विसरले, तो आळ विसरता येत नाही. काल ताईनं फोनवर सांगितलं, मशीन सुरळीत चाललंय आणि मॅनेजर सगळ्यांना ऐकवतायत, "देखा? आदमी बदला, कागज टूटना बंद." मी फोनवरच ओरडायला लागले. तेवढ्यात भाऊजींनी फोन घेतला.

"चिडून काहून राहिली, मीना? पावडर आता पुरा तासभर ढवळतात. मी रोज गोदामातून जाऊन पाहून येतो."