कानातले बोळे

वरोऱ्याच्या जिनिंग गिरणीतला तो फिटर मशीनच्या धडधडीपायी कानात कापसाचे बोळे घालायचा. माझ्या टपरीवर चहाला आला तरी ते तसेच, आणि बोलणं ओरडून. अमेरिकेनं आपल्या कपड्यावर कर वाढवला, रुईची मागणी थांबली, जिनिंग बंद पडली. बोळे मात्र राहिलेच.

काल टीव्हीवर नागपूरचं अधिवेशन चालू होतं. जिनिंगला सवलती देणारं विधेयक आलं, तसे त्यानं बोळे काढून बशीत ठेवले. चहा निवत गेला. विधेयक मंजूर झालं, आमदारांनी बाकं वाजवली.

"जिनिंग कधी चालू होनार, सांगतलं का भाऊ?" पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"नाई."

बाकं अजून वाजतच होती. त्यानं बोळे उचलले आणि पुन्हा कानात कोंबले.