मास्तरांचं भिजवलेलं टेबल

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं, कपडे शिवणारे. चाळीस वर्षं एकाच मशीनवर बसून त्यांनी अख्ख्या गल्लीचे सदरे आणि विजारी शिवल्या. समोरून माणूस आला की आधी त्याची कंबर बघायचे, मग तोंड. पुढे डोळे अधू झाले. सुईत दोरा ओवता ओवता चहा गार व्हायला लागला, तेव्हा म्हणाले, आता पुरे. दुकान बंद केलं, मशीन घरी आणून ठेवलं. चार दिवस गप्प बसून काढले आणि पाचव्या दिवशी पिशवीतून घेऊन काय आले, तर रंधा!

"हा कुणाचा?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"माझा."

"आणि याचं करायचं काय?"

"लाकूड तासायचं. हात नुसते शिवशिवतायत गं."

"शिवशिवतायत तर भांडी घासा की!"

पण मास्तर कसले ऐकतायत. महिन्याभरात करवत आली, पटाशी आली, हातोडी तर होतीच. मागची गॅलरी भरून गेली. तिथे वाळत घातलेल्या टॉवेलने तोंड पुसावं, तर तोंडाला भुसा.

आता हे सुतारकाम ते शिकले कुणाकडे? कुणाकडेच नाही. त्यांना यायचं शिवणकाम, तेच त्यांनी लाकडाला लावलं. फळीवर आखायचे ते खडूने, तो चपटा असतो ना कापडावरचा, त्याने. माप गळ्यातल्या टेपने. आणि कापताना प्रत्येक बाजूला दोन बोटं जास्त सोडायची. का, तर आत दाबायला कापड नको का, उद्या मोठं करायचं झालं तर! पहिलं स्टूल केलं, त्याच्या चारी बाजूंनी फळ्यांची टोकं बाहेर.

शेजारीण म्हणाली, "मास्तर, हे उसवून मोठं होतं का हो?"

"होईल की," मास्तर म्हणाले. अगदी गंभीरपणे.

मग चपलांचं कपाट केलं. "जरा सैल ठेवलंय," म्हणाले. इतकं सैल, की एका खणात मांजर येऊन व्याली तरी चपलांना जागा उरली.

एक गोष्ट मात्र त्यांना झकास जमायची, ती म्हणजे पॉलिश. घरात चाळीस वर्षांच्या चिंध्या साठलेल्या. त्यातली मऊसूत चिंधी निवडायची, तिचा बोळा करायचा, पॉलिशमध्ये बुडवून हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायचं. वाळलं की पुन्हा. पुन्हा वाळलं की पुन्हा. स्टूल वाकडं ते वाकडंच, पण असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. बाई म्हणायच्या, "कुबड्या माणसाला नवा कोट घातलाय नुसता." आणि हुकूम काढला होता त्यांनी, हे सगळं गॅलरीतच राहील. उंबऱ्याच्या आत यायचं नाही.

"मी?" मास्तर घाबरून म्हणाले.

"स्टूल. तुमचं नंतर बघू."

असं हसतखेळत चाललं होतं, तेवढ्यात बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं बंद. लग्न झाल्यापासून दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर शेजारी शेजारी बसून जेवायची. आता बाई ओट्याशी उभ्याने जेवायला लागल्या आणि मास्तर खाली एकटे. मीठ मागायचं तरी मान वर करायची, विहिरीतून हाक मारल्यासारखी. दोन दिवसांत मास्तरांचं जेवण निम्मं झालं.

बाईंचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी तयार टेबल घेऊन देतो. माझ्याकडे कॅटलॉग आहे."

मास्तरांनी शेजारून ऐकलं. म्हणाले, "सांग त्याला, टेबल मी करणार."

बाईंनी फोन ठेवला आणि मास्तरांकडे असं पाहिलं, की मास्तरांना आपल्या सदऱ्याचं बटण तुटलंय की काय वाटलं.

"करा," त्या म्हणाल्या. "पण नीट ऐकून घ्या. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटा जेवायला येतोय. त्याच्यापुढे टेबल मांडायचं. फटी नकोत, डुगडुगणं नको, आणि पायाखाली कागदाची घडी तर अजिबात नको. जमलं, तर तुमचं टेबल घरात. नाही जमलं, तर धाकट्याचं टेबल घरात आणि तुमची हत्यारं कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे."

"सगळी?"

"रंध्यासकट."

त्या रंध्यामुळे तर सकाळी उठावंसं वाटायचं मास्तरांना. नाहीतर खिडकीत बसून काय करणार, लोकांच्या कमरा मोजणार?

कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणजे खरेखुरे सुतार. त्यांच्या कानावर ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी गेली. कशी गेली विचारू नकोस, शेजारीण होतीच. तेव्हापासून मिस्त्री येता जाता गॅलरीत डोकावायचे. रंधा उचलायचे, पातं बघायचे, खाली ठेवायचे. सून बघायला आल्यासारखे.

"घाई नाही, मास्तर," म्हणायचे, "सावकाश होऊ द्या."

मास्तरांनी मग जीव तोडून काम करायचं ठरवलं. आधी जुन्या चादरी शिवून टेबलाचा नमुना केला, अख्ख्या मापाचा, आणि स्वयंपाकघरात चार दोऱ्यांनी टांगला. तीन दिवस बाई त्या चादरीला वळसा घालून ओट्याशी जायच्या. बाईंची मापं घेतली, बसल्यावर गुडघा किती उंच, कोपर किती उंच.

"सैल हवं की फिट?"

"अहो, टेबल आहे ते, परकर नाही!"

फळ्या आल्या. चांगल्या होत्या, कोरड्या ठणठणीत, वाजवल्या की खणखण वाजायच्या. आणि इथेच मास्तरांनी घोळ घातला. चाळीस वर्षं ते गिऱ्हाइकाला एकच सांगत आले होते, कापड आधी भिजवून घ्या, नाहीतर शिवल्यावर आटेल. मग फळ्यांना वेगळा न्याय कसा लावणार? मोरीचं भोक चिंधीने बुजवलं, चार बोटं पाणी भरलं आणि फळ्या त्यात निजवल्या. त्या तरंगायला लागल्या. मग दुकानातल्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या आणल्या आणि वजनाला ठेवल्या.

बाई आंघोळीला गेल्या आणि तशाच परत आल्या.

"मोरीत कोण झोपलंय?"

"फळ्या भिजतायत. दोन दिवस."

"आणि मी?"

"तू शेजारी जा ना."

दोन दिवस बाई टॉवेल खांद्यावर टाकून शेजारणीकडे आंघोळीला गेल्या. येताना तिथलं हसू ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्या काढल्या, पुसल्या, एक दिवस सावलीत ठेवल्या. वरून कोरड्या लागल्या हाताला. लगेच माप घेतलं, कापल्या, सरस लावून एकमेकींना चिकटवल्या, दोरीने करकचून आवळल्या. कुठे फट म्हणून नाही! कडेला दोन बोटं जास्त सोडायचा मोहसुद्धा आवरला. रात्री जेवताना स्वारी खुशीत होती, दोनदा वाढून घेतलं.

पुढचा आठवडा कडकडीत कोरड्या वाऱ्याचा निघाला. रविवारला चारच दिवस उरले असताना दुपारी मास्तर पडले होते, तर गॅलरीतून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. शिवण उसवल्याचा आवाज मास्तर झोपेतही ओळखायचे. धावत गेले. टेबलाच्या फळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. अर्ध्या अर्ध्या बोटाच्या फटी, एक नाही, चार. आणि फळ्यांच्या कडा वर उचललेल्या, रुसून बसल्यासारख्या.

नेमके मिस्त्री तेव्हाच आले, सून बघायला.

"अरेरे," मिस्त्री म्हणाले, "लाकूड ओलं होतं का?"

"कोरडं होतं. मी मुद्दाम भिजवलं, पुढे आटू नये म्हणून."

मिस्त्री भिंतीला हात टेकून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो मास्तर, लाकूड पाणी प्यालं की फुगतं. फुगलेलं असताना तुम्ही माप घेतलंत. आता ते वाळून आपल्या जागेवर गेलं."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे लग्नाचं जेवण झाल्यावर कमरेचं माप घेतल्यासारखं!"

"अगदी तस्सं."

"छे! गिऱ्हाइकाला मी तेव्हा कधी हात लावला नाही, आणि इथे..." मास्तर मटकन स्टुलावर बसले.

मिस्त्रींना खरं तर रंधा हवा होता. पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांना राहवेना. जाता जाता दारातून म्हणाले, "आता पूर्ण वाळलंय, यापुढे हलायचं नाही. फटी बुजवता येतील. मी काही बोललो नाही हं."

फटी बुजवायच्या कशाने? मास्तरांनी रात्रभर नाही, पण संध्याकाळभर डोकं खाजवलं. मग उठले आणि शिवणाच्या मशीनचं लाकडी झाकण काढून आणलं. काळपट, जुनं, घट्ट लाकूड. त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी फटीत बसवली. कॉलरला गडद रंगाचं पायपिंग लावतात ना, तशी. उचललेल्या कडा रंध्याने तासून सपाट केल्या. झाकण कापताना बाई दारात उभ्या होत्या. मशीनला त्या कुणाला बोटसुद्धा लावू द्यायच्या नाहीत, पण त्या दिवशी एक टोमणा नाही. उभ्या राहिल्या, बघितलं आणि आत गेल्या.

शुक्रवार, शनिवार पॉलिश. बोळा फिरतोय, फिरतोय. फिकट लाकडात त्या चार गडद रेघा अशा उठल्या, की मास्तर स्वतःच डोकं तिरकं करून बघत बसले. पायही तासून तासून असे बसवले, की गॅलरीत टेबल खांबासारखं उभं राहिलं.

रविवारी सकाळी शेजाऱ्याच्या मदतीने टेबल स्वयंपाकघरात आणलं. मास्तरांनी कोपऱ्यावर हात ठेवला मात्र, आणि टेबल म्हणालं, डुग. गॅलरीची फरशी उंचसखल. तिच्या मापाने पाय तासले होते त्यांनी! इथली फरशी सपाट. मास्तर करवत आणायला वळले, तर दारात धाकटा मेहुणा हजर, कॅटलॉग काखोटीला मारून.

"भाऊजी, हेच का ते?"

"हेच," मास्तर म्हणाले. आवाज बायकोच्या माहेरच्या माणसापुढे नेहमी निघतो त्यापेक्षाही बारीक निघाला.

ताटं मांडली. धाकटा एका बाजूला, मास्तर एका बाजूला, बाई समोर खुर्चीत. बाईंनी बसल्या बसल्या खुर्ची जरा पुढे सरकवली. धाकट्याने टेबलावर टकटक केलं, बोट फिरवलं.

"या रेघा कसल्या?"

"पायपिंग," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"अस्सं! कॅटलॉगमध्ये आहे असं एक. पण ते इतकं चकचकीत नाही." मग त्याने पेला काठोकाठ भरला, मधोमध ठेवला आणि कोपर टेबलावर टेकवून सगळा भार टाकला. मास्तरांनी डोळे मिटले. डुग नाही. एक डोळा उघडला. पेल्यातलं पाणी जागच्या जागी. धाकट्याने दुसरं कोपर टेकवलं. तरी नाही.

मास्तरांना कळेना. लाकूड पुन्हा फुगलं की काय?

"ताई, भाजी वाढ ना."

"तुझी तू घे."

"आज उठत नाहीस तू?"

"टेबलावर जेवायचं म्हणजे उठायचं नसतं. कॅटलॉगमध्ये लिहिलं नाही वाटतं?"

मास्तरांच्या हातून चमचा पडला. मुद्दाम नाही, खरंच पडला. उचलायला वाकले, तर टेबलाखाली बाईंचा पाय. पायांना जोडणारी जी आडवी दांडी असते, तिच्यावर बाईंनी पाऊल रोवलं होतं. बोटं पांढरी पडलेली आणि तो दुखरा गुडघा थरथरत होता. सगळं टेबल त्यांनी एका पायाने दाबून धरलं होतं. मास्तर वर आले. बाई शांतपणे घास घेत होत्या.

त्या दिवशी मास्तर जन्मात जेवले नव्हते इतक्या भराभर जेवले. मेहुण्यालाही घाई करत होते, "घ्या, घ्या, आटपा, गार होतंय."

जाताना धाकटा कॅटलॉग उघडायला लागला, तर बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मिटव ते. आमचं टेबल झालंय."

दार लागलं. बाईंनी पाय उचलला. डुग! पेला कलंडला आणि पाणी मास्तरांच्या मांडीवर.

"अगं, पाय दुखला असेल ना?" मास्तर म्हणाले. "तूच तर सांगितलं होतंस, डुगडुगलं तर हत्यारं..."

"सांगितलं होतं. पण या घरात तुमच्या लाकडाला हसायचं ते मी हसेन. तो का म्हणून हसेल?" बाई गुडघा चोळत म्हणाल्या. "रंधा राहू दे. उद्यापासून जेवायला इथेच बसायचं, माझ्या शेजारी. समोर नाही, तिथवर मीठ द्यायला माझा हात पुरत नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते तसेच ओल्या विजारीने टेबलाखाली शिरले आणि कुठला पाय आखूड झालाय ते बोटाने चाचपायला लागले.

वरून आवाज आला, "आत्ता नाही हो! आधी ताटं उचला."